तू भूल शिकलीस, मी मॅनेजमेंट

जया,

परवा आम्ही सगळे दवाखान्यात तुझ्यासाठी जमलो. तू गेल्याचा पुण्याहून तुझ्या भावाचा फोन आला, त्याला तेव्हा आठवडा होत आला होता. वेळ मी ठरवली, रिसेप्शनमधल्या खुर्च्या मी मांडून घेतल्या, चहा मी सांगितला, तुझा फोटोही मीच निवडला. हेड नर्स ना मी, असली कामं माझीच. तुझा एक धड फोटो मिळेना. प्रत्येक फोटोत तू कुठल्या तरी मांजराकडे नाहीतर ससाण्याकडे बघते आहेस, कॅमेऱ्याकडे एकातही नाही.

मग एकेक जण बोलायला लागला. ड्रायव्हरने सांगितलं की त्याची बायको पहिल्यांदा शारजात आली तेव्हा तू तिला रोल्लाच्या बाजारात फिरवून भांडीकुंडी घेऊन दिलीस. सफाईवाल्याने सांगितलं की त्याची आजारी आई केरळात होती तेव्हा तू रोज तिची चौकशी करायचीस. मारिसेल तर बोलूच शकली नाही. मनिलाची ती पोरगी, तुझ्या हाताखाली जेमतेम तीन-चार वर्षं होती, पण अशी हुंदके देऊन रडत होती की सगळे तिच्याभोवती गोळा झाले. मी पाण्याचा ग्लास घेऊन उभी होते, आणि मला तिचा राग आला. मला ठाऊक नसलेली केवढी तरी जया या लोकांकडे होती. मी तुला सगळ्यांत आधीपासून ओळखत होते, आणि माझ्या डोळ्यांत पाणी येत नव्हतं.

शेवटी डॉक्टर मॉरीनने मला बोलायला सांगितलं. मी आभार मानले आणि चहा घ्या म्हटलं. तेवढंच जमलं. म्हणून हे आता लिहिते आहे. अशा वेळी माणसाच्या मनात असलं काही येऊ नये म्हणतात. माझ्या मनात आलं. तुला ते ऐकून हसू आलं असतं, कारण माझा हा स्वभाव तुला पहिल्यापासून पाठ होता.

आपण भेटलो तेव्हा मी नुकतीच लग्न होऊन सांगलीहून आले होते. झूऑलॉजीची बी.एस्सी., प्रकाशची नोकरी जेबेल अलीला, आणि दिवसभर फ्लॅटमध्ये मी एकटी. जुमेराच्या दवाखान्यात माणूस हवंय असं कळलं आणि मी गेले. तू आधीच तिथे होतीस, माणसांच्या हॉस्पिटलातली नोकरी सोडून आलेली. 'पेशंट तक्रार करत नाहीत, नातेवाईक मात्र इथेही तेवढेच,' असं तू पहिल्याच दिवशी म्हणालीस. गावाकडे दोघींच्याही घरी आपलं काम सांगताना आई-वडील चाचरायचे. माझी सासू शेजारणींना 'ती दवाखान्यात नर्स आहे' एवढंच सांगायची, कुणाची ते सांगायची नाही. तुझे वडील तर म्हणायचे, 'एवढं शिकून कुत्र्यामांजरांची शी-शू काढायला दुबईला गेलीस का?'

त्यातूनच आपण हट्टाने शिकलो. डॉक्टर मॉरीन आयर्लंडच्या. तिकडे व्हेटर्नरी नर्सला रीतसर पात्रता असते, परीक्षा असते, हे त्यांनीच आपल्याला सांगितलं. पोस्टाने पुस्तकं आली. दवाखान्याच्या व्हॅनमधून रोल्ला ते जुमेरा, येता-जाता आपण एकमेकींना प्रश्न विचारायचो. ट्रॅफिक तुंबला की तुला आनंद व्हायचा, अजून एक धडा होईल म्हणून. पास झालो त्या दिवशी तुला माझ्यापेक्षा थोडे जास्त मार्क होते. तू निकाल घडी करून पर्समध्ये टाकलास आणि दाखवला नाहीस. मी मागून घेऊन बघितला. तिथून सुरुवात झाली म्हणायची.

पुढच्या पात्रतेची माहितीपत्रकं आली तेव्हा दोन हजार साल अजून यायचं होतं. रोल्लाच्या त्या कोपऱ्यावरच्या उडपी हॉटेलात आपण दोघी ती पसरून बसलो होतो. सर्जिकल नर्सिंग, पक्षी आणि इतर प्राणी, प्रॅक्टिस मॅनेजमेंट, आणि भूल. प्रत्येकाचं गणित वेगळं. भुलीच्या डिप्लोमाला दोन वर्षं, त्यात काही आठवडे इंग्लंडला जाऊन राहायचं, केसेस लिहून पाठवायच्या, डॉक्टरने सही करायची. मॅनेजमेंट सगळं पोस्टाने. इथल्या सरकारी दप्तरात दोन्हींना किंमत सारखीच, म्हणजे कुणीच विचारत नव्हतं.

मी म्हणाले, "मला भुलीचा घ्यावासा वाटतो."

तू कपातून वर बघितलंस. "मी तोच म्हणत होते."

मी माहितीपत्रकं नुसतीच उलटली. मग मी म्हणाले, "मग मी मॅनेजमेंट घेते. दोघींनी एकच कशाला? दवाखान्याला दोन्ही लागतात."

"अगं, दोघींनी भूल घेतली तर काय बिघडलं? केसेस पुष्कळ आहेत."

"मृण्मयी दोन वर्षांची आहे. मी आठवडेच्या आठवडे इंग्लंडला कशी जाऊ? तुला कुणाला विचारायचं नाही."

तू माहितीपत्रक मिटलंस. "विचारायला कुणी नसणं म्हणजे मोकळीक, असं वाटतं तुला?" असं म्हणालीस आणि बिल मागवलंस.

माझी कारणं सगळी खरी होती, जया. पोर लहान होती. प्रकाशची शिफ्ट होती. आणि मॅनेजमेंट केल्यावर पद वाढणार हे उघड होतं. वाढलंही. मी हेड नर्स झाले, काचेची केबिन मिळाली, ड्यूटी लावणं, औषधांची ऑर्डर, म्युनिसिपालिटीचे इन्स्पेक्टर, सगळं माझ्याकडे. कागदावर मी तुझी बॉस होते. तू रजेचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवायचीस आणि मुद्दाम 'मॅडम' म्हणायचीस.

पण काचेपलीकडे ऑपरेशन थिएटरचं दार होतं, आणि तू आत असायचीस.

पहिल्या प्रयत्नात तू नापास झालीस ते आठवतं? इंग्लंडहून आलीस, चेहरा उतरलेला. त्या शुक्रवारी मी तुला घरी बोलावलं आणि पुरणपोळ्या केल्या. कटाची आमटी, भजी, सगळं. तू दुसरी पोळी घेताना म्हणालीस, "आज तू माझ्याशी फारच छान वागते आहेस." प्रकाश हसला. मीही हसले, कारण दुसरं काय करणार. तू पोटभर जेवलीस, उरलेल्या पोळ्या डब्यात बांधून नेल्यास, आणि पुढच्या वेळी पास झालीस. तेव्हा मी बाहेरून केक मागवला.

मग माझ्या घरातही तू शिरलीस. मृण्मयी शाळेत जायला लागली होती. शाळेत आई-वडील काय करतात यावर बोलायचं होतं. मी विचारलं, काय सांगितलंस? म्हणाली, "आय टोल्ड देम अबाउट जयाआंटी. शी पुट्स फाल्कन्स टू स्लीप." मी म्हटलं, अगं पण आई तुझी मी. तर म्हणते, "बट यू सिट इन द ऑफिस, आई." हे मी तुला सांगितलं नव्हतं. तिने सांगितलं असणार, कारण पुढच्या शुक्रवारी तू तिला म्हणालीस, "तुझी आई नसेल ना, तर माझ्या बाटलीत औषधच नसेल. कळलं?" तिला ते कळलं नाही. मला कळलं, आणि तू माझी बाजू घ्यावीस याचाच जास्त राग आला.

त्या सालुकी कुत्रीचा दिवस तर मी विसरूच शकत नाही. उन्हाळ्यातली दुपार होती. अल खवानीजहून एक म्हातारे गृहस्थ त्यांची कुत्री घेऊन आले. सडपातळ, लांब नाकाची, पोटात पिल्लं अडकलेली. तू दुसऱ्या खोलीत एका मांजराला शुद्धीवर आणत होतीस, म्हणून थिएटरमध्ये डॉक्टरांच्या मदतीला मी गेले. मला सगळं येत होतं. पहिली पात्रता तर आपण एकत्रच मिळवली होती. शिरेत सुई मी घातली, नळी मी धरली. कापायला सुरुवात झाली आणि तिच्या हिरड्यांचा रंग बदलायला लागला. छाती हलेना. मी श्वास देणारी पिशवी दाबत होते, पण माझे हात घाईत होते आणि डॉक्टरांना ते दिसत होतं.

डॉक्टर मॉरीनने मान वर न करता म्हटलं, "सुनंदा, बाजूला हो. जयाला येऊ दे."

तू आलीस. मला हलकेच खांद्याने सरकवलंस. गॅस कमी केलास, पिशवी सावकाश दाबायला लागलीस, दुसऱ्या हाताची बोटं तिच्या मांडीवरच्या नाडीवर. "या जातीच्या अंगावर चरबी नसते," तू म्हणालीस, कुणाला उद्देशून ते कळलं नाही, "थोडं औषधही यांना जड होतं. वेळ द्यायचा." तुझ्या आवाजात काहीच नव्हतं, ना घाई, ना माझ्यावरचा दोष. हिरड्या हळूहळू गुलाबी झाल्या. माझ्या हातात एकामागून एक पिल्लं येत गेली आणि मी टॉवेलने ती चोळत राहिले. सगळी जगली. एकाने माझ्या तळहातावर पहिला श्वास घेतला, तेव्हाही मी तुझ्याकडेच बघत होते.

बाहेर त्या गृहस्थांनी विचारलं, डॉक्टर कोण? डॉक्टर मॉरीनने तुझ्याकडे बोट दाखवलं. ते तुला म्हणाले, "माशाल्ला, बिंती, माशाल्ला." माझी मुलगी म्हणाले ते तुला. मी पिल्लांची टोपली त्यांच्या गाडीत ठेवून आले.

त्या संध्याकाळी व्हॅनमध्ये आपण दोघीच होतो. अल नहदाच्या सिग्नलपाशी गाड्या खोळंबल्या होत्या. तू खिडकीकडे बघत म्हणालीस, "तुझे हात चांगले आहेत, सुनू. तू हा कोर्स घ्यायला हवा होतास."

"मृण्मयी लहान होती."

"हो, मृण्मयी होती. पण तू मॅनेजमेंट घेतलंस ते मी भूल म्हटलं म्हणून. माझ्याशी बरोबरी होईल अशा ठिकाणी तुला उभंच राहायचं नव्हतं."

मी म्हणाले, "तुला सगळं तुझ्याभोवतीच फिरतं असं वाटतं."

"नाही गं. तुझं फिरतं माझ्याभोवती, असं म्हणतेय मी."

यावर मी काहीतरी तिखट बोलणार होते. तेवढ्यात व्हॅन रोल्लाला पोचली, आणि तू 'मेथी घ्यायची आहे' म्हणून उतरून गेलीस. दुसऱ्या दिवशी आपण दोघींनीही तो विषय काढला नाही. मी उत्तरं मात्र तयार ठेवली होती. कितीतरी. स्वयंपाक करताना, आंघोळीला गेल्यावर, मी तुझ्याशी भांडत असायचे आणि दर वेळी जिंकायचे. पुन्हा निघेल विषय, तेव्हा बघू, असं वाटायचं. माणसाला वाटतं, भांडणं कुठे पळून जातात.

मग तुला थकवा यायला लागला. तू म्हणायचीस, उन्हाळा आहे, सगळ्यांनाच येतो. दंडावर काळेनिळे डाग दिसले तेव्हा तू एका अल्सेशियनवर ढकललंस. रक्त तपासायला मीच बळेच पाठवलं, हेड नर्स म्हणून हुकूम सोडला. रिपोर्ट आला तेव्हा तू तो स्वतःच वाचलास आणि माझ्या केबिनमध्ये येऊन खुर्चीवर बसलीस. "खलास," एवढं म्हणालीस. मी रिपोर्ट घेतला. पांढऱ्या पेशींचा आकडा बघितल्यावर समजवायला काही उरलं नव्हतं. आपण दोघींनी असले आकडे कुत्र्यांचे वाचले होते.

उपचारांसाठी तू पुण्याला निघालीस, तेव्हा विमानतळावर तुला मी एकटीनेच सोडायचं असं ठरवलं होतं. म्हणजे फक्त मी आणि तू. तर मारिसेल हजर, हातात उशी. प्रवासात मानेखाली हवी म्हणून. मला कशी सुचली नाही उशी? तू व्हीलचेअरवर होतीस आणि तिचा हात धरून बसली होतीस. मला खूप बोलायचं होतं. तोंडातून आलं ते असं, "तुझी रजा मी तीन महिन्यांची टाकली आहे. लागली तर वाढवता येईल. व्हिसाचं मी बघते."

तू म्हणालीस, "मॅनेजमेंट बरं शिकलीस हं तू."

ते तू मनापासून म्हणालीस. मी तेव्हा टोमणा समजले. गेले काही दिवस ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवून बघते, आणि आता मला खात्री आहे. दवाखान्यातली तुझी प्रत्येक बाटली वेळेवर भरलेली असायची, प्रत्येक यंत्राची तपासणी झालेली असायची. तुला हवा तेवढा वेळ जनावराजवळ उभं राहता यावं म्हणून बाकीचं सगळं मी उचललं होतं. तुला ते माहीत होतं. मला ते माहीत नव्हतं.

पुण्याला तुला फोन करायचे ते प्रीपेड फोनकार्डावरून. एकदा तू अगदी पूर्वीसारखी बोललीस. हाडातला मगज काढून तपासायचा होता, त्याआधी भूलतज्ज्ञ आला, तर तू त्याला विचारलंस कुठलं औषध देणार, किती, आणि का. "तो म्हणाला, तुम्ही डॉक्टर आहात का? म्हटलं, नर्स. कुणाची ते नाही सांगितलं." आपण दोघी किती वेळ हसत होतो. मग मी विचारलं, भीती वाटली का? तू म्हणालीस, "दुसऱ्याला झोपवताना वाटायची. स्वतः झोपताना आपल्याला काही करायचंच नसतं."

आणि मग, मधेच, तू म्हणालीस, "तुला वाटतं ना, मला कधी तुझा हेवा वाटला नाही? शुक्रवारी तुमच्याकडे जेवून खोलीवर परत जाताना मला काय वाटायचं माहितीये?"

कार्ड संपलं. रेकॉर्डवरची ती बाई इंग्रजीत बोलली आणि लाइन तुटली. मी चप्पल घालून खाली गेले, दुकानातून दुसरं कार्ड आणलं, फोन लावला. तुझी बहीण म्हणाली, ताईला आत्ताच डोळा लागलाय. दुसऱ्या दिवशी ताप चढला होता. त्यानंतर फोनवर तुझा आवाज आला तो दोन-तीन शब्दांपुरता.

मला ते वाक्य हवं आहे, जया. अर्धवट राहिलेलं. तुझ्या बहिणीला विचारू का असंही मनात आलं, पण तिला ते ठाऊक असलं तर मला आणखी त्रास होईल. इतकी वर्षं मी तुझं सगळं मोजत बसले, आणि तू माझ्याकडे, माझ्या त्या टीव्ही चालू असलेल्या, कपडे वाळत घातलेल्या घराकडे बघत होतीस का? काय दिसायचं तुला? प्रकाश तुला खालपर्यंत सोडायला यायचा ते? मृण्मयी तुझ्या मांडीवर झोपायची आणि मी तिला उचलून घ्यायचे ते? ती झोपेतच माझ्या गळ्याला मिठी मारायची. तेव्हा तू लगेच उठून पर्स शोधायला लागायचीस.

परवा सगळे गेल्यावर डॉक्टर मॉरीन केबिनमध्ये आल्या. म्हणाल्या, "भुलीसाठी कुणाला तरी तयार करायला हवं. मारिसेलला पाठवावं असं वाटतं. तुझं काय मत?"

हेड नर्स म्हणून माझं मत विचारलं होतं. मारिसेल हुशार आहे, तरुण आहे, तिला तू शिकवलंस. मी हो म्हणायला तोंड उघडलं. आणि म्हणाले, "तिला पाठवा. मलाही जायचं आहे."

त्यांनी मला निरखून बघितलं. माझ्या वयाचा हिशेब करत असाव्यात. "हेड नर्सचं काम?"

"ड्यूटी मी लावेन. ते मला येतं."

प्रकाशला सांगितलं, तर तो म्हणाला, "आता? या वयात?" मृण्मयीने मान वर करून विचारलं, "लाइक जयाआंटी?" मी म्हटलं, हो. मग थोड्या वेळाने म्हटलं, तिच्याहून चांगलं.

हे मी श्रद्धांजली म्हणून करते आहे असं लोक म्हणतील. मारिसेल तर म्हणालीच, आणि गळ्यात पडली. तू तसं म्हणणार नाहीस. तुझे मार्क मला पाठ आहेत, दुसऱ्या खेपेचे. मला त्याहून जास्त हवेत. पहिल्याच खेपेला हवेत. तू म्हणाली होतीस ते खरं होतं की खोटं, माझे हात खरंच चांगले होते की तू मैत्रीण म्हणून म्हणालीस, ते मला बघायचं आहे. आणि वाईट हे आहे की जमेलही. तू आता जिथे आहेस तिथेच राहणार. मी वर्षभराने तुझ्या वयाची होईन, मग तुझ्याहून मोठी. जितक्या केसेस तू केल्यास, त्याहून जास्त मी करेन. सगळ्या आयुष्यात मला तुझ्यापुढे जायचं होतं, आणि आता मी चालत राहिले तरी जाईन.

असं पुढे नव्हतं गं जायचं मला.